संशोधनाचा प्रश्न हाती नसताना

गणितात पीएच.डी.साठी अर्ज करू पाहणारे विद्यार्थी मला जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारतात, तोच तुम्हीही विचारलात: "संशोधनासाठी माझ्याकडे स्वतःचा असा प्रश्नच नाही, मग अर्ज कशाच्या बळावर करू?" तुम्ही विचारलेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

गणितात अर्जाच्या वेळी प्रश्न हाती नसणे हा दोष मानला जात नाही. काही विद्यापीठे संशोधनाचा आराखडा मागतात आणि तो द्यावाच लागतो. पण कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तरीही सुटण्याजोगा आहे, हे ओळखायला त्या शाखेत बराच काळ मुरावे लागते, आणि ते मुरणे हाच तर पीएच.डी.चा पहिला टप्पा असतो. बहुतेकांना पहिला प्रश्न मार्गदर्शकच सुचवतात.

मग अर्ज वाचणारा त्यात शोधतो काय? माझ्यापुरते सांगायचे तर, हा विद्यार्थी एखाद्या गोष्टीपाशी किती काळ थांबू शकतो, हे मी पाहतो. "मला लहानपणापासून गणिताची आवड आहे" हे वाक्य शेकडो अर्जांत असते आणि ते खरेही असते, परंतु त्यावरून काहीच कळत नाही. याउलट एका अर्जाचा पहिला परिच्छेद मला अजून आठवतो. पूर्णांकांत √−५ मिसळले की ६ या संख्येचे २ × ३ आणि (१ + √−५)(१ − √−५) असे दोन अगदी वेगळे अवयव पडतात, हे वाचून ती विद्यार्थिनी अडली होती. अवयव पाडण्याची रीत एकच असते हे तिने इतके गृहीत धरले होते की आधी तिला स्वतःचीच चूक झाली असे वाटले. चार दिवस आकडेमोड केल्यावर चूक नसल्याचे पटले, आणि संख्यांऐवजी आयडियलचे (म्हणजे संख्यांच्या विशिष्ट संचांचे) अवयव पाडले की हरवलेली एकमेवता परत मिळते, हे तिला त्यानंतर समजले. हे गणित एकोणिसाव्या शतकातले, त्यात नवे काहीच नव्हते. तरीही तो परिच्छेद वाचून तिच्याशी बोलावेसे वाटले.

गणितज्ञ जून हुह यांचे उदाहरण मला इथे फार मोलाचे वाटते. पदवीच्या काळात त्यांचा विषय भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र होता. गणिताकडे ते उशिरा वळले आणि जपानी गणितज्ञ हेईसुके हिरोनाका यांच्याकडे सिंग्युलॅरिटींचा, म्हणजे भौमितिक आकृती जिथे गुळगुळीत राहत नाही अशा बिंदूंचा, सिद्धान्त शिकले. अमेरिकेत पीएच.डी.साठी केलेल्या अर्जांपैकी एक वगळता सगळे नाकारले गेले. इलिनॉय विद्यापीठात पहिल्याच वर्षी त्यांना एक जुना प्रश्न भेटला: आलेखातले (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या आकृतीतले) जोडलेले बिंदू वेगवेगळ्या रंगांचे राहतील अशा रीतीने तो किती प्रकारे रंगवता येईल, हे सांगणाऱ्या बहुपदीच्या सहगुणकांची केवल मूल्ये आधी चढतात आणि मग उतरतात का? रोनाल्ड रीड यांनी १९६८ मध्ये मांडलेला हा अंदाज हुह यांनी सिंग्युलॅरिटींच्या वाटेने सिद्ध केला. अर्ज करताना हा प्रश्न त्यांच्याजवळ नव्हता, ती वाट मात्र होती.

शिफारसपत्रांबाबतही हीच कसोटी लावा. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला फक्त हजेरीपटावरून ओळखणाऱ्या प्राध्यापकांपेक्षा, तुम्ही फळ्यापाशी अडलेले आणि आठवड्याने सुधारलेली सिद्धता घेऊन परत आलेले ज्यांनी पाहिले आहे, अशा शिक्षकांचे पत्र कितीतरी जास्त वजनदार ठरते. त्यांना निदान दीड-दोन महिने आधी सांगा आणि आपला अर्जाचा मसुदाही वाचायला द्या.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे अलीकडचे दोन-तीन लेख आर्काइव्ह (arXiv) या शोधलेखांच्या खुल्या संकेतस्थळावर उघडून निदान प्रस्तावना वाचा. सगळे समजणार नाही, त्याची चिंता नको. जिथे समजणे थांबले ती ओळ नेमकी कोणती, हे लिहून ठेवा आणि त्यांना पत्र पाठवाल तेव्हा त्या ओळीबद्दल विचारा.