ऑर्डर-ट्रॅकर अपडेट: सव्वीस शीट, चार नग आणि बिल्टीवरचा तो रिकामा रकाना

मंडळी, वहिनींच्या इंटिरियरच्या कामातल्या मालाच्या ऑर्डरी सांभाळायला मी जो ट्रॅकर बनवतोय, त्याच्या मागच्या अपडेटमध्ये ज्या हिरव्या 'माल आला' बटणाचं कौतुक झालं होतं, ते बटण काढून टाकलंय. त्याच्यासोबत 'स्टेटस' हा कॉलमही गेला. डेटाबेसच्या टेबलात आता ऑर्डरला स्टेटस नावाची गोष्टच नाही. का, ते सांगतो. बाकीचं थोडक्यात उरकेन, कारण हा सगळा काळ या एकाच गोष्टीने खाल्लाय.

झालं असं. वहिनींची जुळे सोलापुरातली साईट, तीन वॉर्डरोब. पुण्याच्या डीलरकडून लॅमिनेट मागवलं, १ मिमी, ८ बाय ४ च्या २६ शीट, सोबत बिजागऱ्यांचा एक खोका. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, लिहिलेलं, नग ४; नग म्हणजे एकत्र बांधलेली गुंडाळी किंवा खोका. टेम्पो आला, वॉचमनने नग मोजले, चार भरले, सही केली, फोटो टाकला. वहिनींनी बटण दाबलं, ऑर्डर हिरवी झाली. दोन दिवसांनी मिस्त्रींचा फोन, "मॅडम, चार शीट कमी हैत की ओ."

नग तर चारच उतरले होते. पण त्यातला एक खोका होटगी रोडच्या साईटच्या एज बँडिंगचा (प्लायच्या कडांना लावायच्या पट्टीचा), म्हणजे वेगळ्याच बिल्टीचा. आपल्या लॅमिनेटच्या तीन गुंडाळ्या होत्या, ११, ११ आणि ४ शीटच्या. चारवाली बारीक गुंडाळी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनात कोपऱ्यात उभी, तिच्यावर रोजचं गोडाऊन भाडं चढतंय, आणि आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार.

आता यात वॉचमनचं काय चुकलं? त्याला नग मोजायला सांगितले, त्याने मोजले. गोची वेगळीच आहे. एकाच मालाची मोजणी तीन ठिकाणी तीन प्रकारांनी होते. मिस्त्री शीट मोजतो. डीलर बिल चौरस फुटात करतो, २६ शीटचे ८३२. ट्रान्सपोर्टवाला नग मोजतो. पहिल्या दोघांमध्ये ३२ ने गुणलं की काम होतं, ते मी कधीच करून ठेवलंय. एज बँडिंगलाही तसंच, रोल ५० मीटरचा आणि मिस्त्री बोलणार रनिंग फुटात, म्हणून १६४. पण शीटवरून नग काढायचं सूत्र जगात कुठेच नाही. पॅकरच्या हाताला सुतळी किती मिळाली, यावर गुंडाळ्या किती होणार ते ठरतं.

वजनावरून पकडता येईल असं वाटलं होतं. १ मिमीची पूर्ण शीट साधारण चार-सव्वाचार किलोची, म्हणजे २६ शीट शंभराच्या थोड्या वर. बिल्टीवर वजन असतंच. पण तिथे दोन वजनं असतात, प्रत्यक्ष आणि आकारलेलं, आणि कारकून बऱ्याचदा दोन्हीकडे तोच गोल आकडा ठोकून देतो. चार शीटची तूट त्या गोलाईत सहज बुडते. कल्पना रद्द.

मग ओसीआर. चलनाचा, म्हणजे डीलरच्या मालाच्या यादीचा, फोटो वाचून ओळी आपोआप जुळवायच्या. टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामला मराठी येतं, छापील कागदावर चांगलं येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याला मिळते ती कार्बनची तिसरी प्रत, तीही टेम्पोवाल्याच्या खिशातून घामाने भिजून आलेली. '26' चं '20' झालं, 'लॅमिनेट'चं काय झालं ते लिहायची सोय नाही. शिवाय चलनात माल असतो, नग नसतो, म्हणजे अगदी नीट वाचलं तरी प्रश्न जागेवरच. ओसीआरचा अर्धवट कोड गिटमध्ये वेगळ्या फांदीवर (ब्रँचवर) पडून आहे, कुणाला हवी असेल तर सांगा.

उत्तर मिळालं ते कारखान्यात. जुन्या वाचकांना माहीत आहे, माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच आणि हिशोब. आमची प्रत्येक गाठ बाहेर पडते ती अंगावर मार्का, म्हणजे ओळखीची खूण, घेऊनच, आणि तोच मार्का बिल्टीवर 'प्रायव्हेट मार्का' नावाच्या रकान्यात चढतो. आमच्यासारख्या रोजच्या गिऱ्हाइकांच्या बिल्टीत तो भरलेला असतो. इंटिरियरच्या मालाच्या जितक्या बिल्ट्यांचे फोटो माझ्याकडे साठलेत, त्या सगळ्यांत तो रकाना रिकामा! अमेरिकेतले डिझायनर हेच साइडमार्क म्हणून करतात, व्हेंडरने खोक्यावर क्लायंटचं किंवा प्रोजेक्टचं नाव टाकायचं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला स्वतंत्र जागा असते. मी ती जागा पाहून 'आपल्याकडे कोण लिहिणार' म्हणून पुढे गेलो होतो. लिहितात की! फुकट लिहितात, फक्त ऑर्डर देताना सांगावं लागतं.

तर आता ऑर्डर तयार झाली की तिला चार आकडी मार्का मिळतो. फक्त आकडे, कारण हैदराबादचा पॅकर देवनागरी वाचेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या मजकुराची पहिली ओळच ती: 'प्रत्येक नगावर जाड मार्करने हा नंबर, त्याखाली १/४, २/४ असं, आणि बिल्टीच्या मार्का रकान्यात तोच.' मजकूर पाठवायला अजूनही wa.me ची लिंकच वापरतोय, म्हणजे लिंकमध्ये मजकूर भरून येतो आणि वहिनी फक्त पाठवायचं बटण दाबतात. मेसेज आपोआप पाठवणाऱ्या एपीआयच्या भानगडीत एवढ्याशा कामासाठी पडायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

वॉचमनला आता मोजायचं नाही, वाचायचं. नगावरचा नंबर टाकला की साईट कोणती ते स्क्रीन सांगते, दुसऱ्या साईटचा असेल तर लाल. आणि १/४, २/४, ४/४ आले की कुठला राहिला ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता टेबलाबद्दल. ऑर्डरच्या प्रत्येक ओळीखाली नोंदी पडतात, चार प्रकारच्या: मागवलं, निघालं, उतरलं, मंजूर. स्क्रीनवर दिसणारी अवस्था त्या नोंदींच्या बेरजेतून निघते, कुठे साठवलेली नसते. नोंद बदलता येत नाही. माल परत गेला तर उणे नोंद करायची, किर्दीत खाडाखोड न करता उलटी नोंद करतो तसं. त्या २६ शीटची ओळ गुंडाळी गोडाऊनात असताना अशी दिसत होती: मागवलं २६, निघालं २६, उतरलं २२, मंजूर २२, वाटेत ४. 'अर्धवट डिलिव्हरी' नावाची जी अवस्था मी तीन वेगवेगळ्या नावांनी बनवून बघितली होती, तिची गरजच संपली.

'मंजूर' हा चौथा प्रकार वहिनींच्या हट्टामुळे आला. मी म्हणत होतो उतरलं म्हणजे मिळालं. त्या म्हणाल्या, "भावजी, उतरलेलं सगळं लावता येत नाही." गोडाऊनातली गुंडाळी अखेर आली, उघडली, चार शीट उजेडात धरल्या. नंबर तोच, कंपनी तीच, बॅच वेगळी. ट्यूबलाइटखाली फरक कळत नव्हता. खिडकीजवळ जुन्या शीटला टेकवून ठेवल्यावर नवी किंचित पिवळट. शेजारशेजारच्या दोन शटरांना लावली असती तर रोज डोळ्यात खुपली असती. वहिनींनी दोन शीट मंजूर केल्या, त्या आतल्या कप्प्यांना जातील, दोन परत. उतरलं २६, मंजूर २४, परत २. माझ्या स्क्रीनने ही खिचडी न अडखळता दाखवली, तेव्हा मी कपभर चहा जास्त प्यायलो. ओळीत बॅच नंबरचा रकानाही घातलाय, तो शीटच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.

डीलरांबद्दल एक. निघालं म्हणजे बिल्टी नंबर. 'माल निघाला' एवढा मेसेज आणि हात जोडल्याची इमोजी म्हणजे निघालं नव्हे. बिल्टी नंबरशिवाय 'निघालं' ची नोंदच होणार नाही असं आता केलंय, आणि दोन डीलर चक्क सुधारले. एकाला अजून राग आहे.

किरकोळ गोष्टी. पीडीएफ वीझीप्रिंट नावाच्या प्रोग्रामने करतोय, जोडाक्षरं नीट येतात, 'प्लायवूड' पहिल्यांदाच 'प्लायवूड'सारखं छापलं गेलं. जीएसटी नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून राज्य ओळखून कर सुचवतो, २७ असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, ३६ म्हणजे तेलंगण, मग आयजीएसटी. पत्त्यांचा एक गमतीशीर घोळ: भवानी पेठ पुण्यातही आणि सोलापुरातही, मंगळवार पेठही तशीच. पुण्याचा लाकूडबाजार भवानी पेठेत, त्यामुळे पुण्याचा व्हेंडर शोधताना सोलापूरचा पत्ता वर यायचा. आता पेठेच्या नावापुढे पिन दाखवतो, ४११ की ४१३ पाहिलं की झालं.

वॉलपेपरचं गणितही बदललं. रोल ०.५३ बाय १०.०५ मीटरचा, म्हणजे सुमारे ५७ चौरस फूट. १२ बाय साडेनऊ फुटांची भिंत ११४ चौरस फूट, दोन रोल, बरोब्बर. फक्त ते चिकटवता येत नाहीत. रुंदीला सात पट्ट्या लागतात, एका रोलातून साडेनऊ फुटांच्या, वरखाली कापायला थोडं सोडून, तीनच निघतात. म्हणून तीन रोल. क्षेत्रफळाचं सूत्र काढून पट्ट्यांचं घातलंय. पडद्याच्या कापडालाही तोच न्याय. ७ फुटी पडदा, शिवण आणि दुमड धरून २४३ सेंमी, पण नक्षी ६४ सेंमीवर परत येणारी असेल तर प्रत्येक पॅनेलला २५६ सेंमी कापावं लागतं. सहा पॅनेलला पाऊण मीटरहून जास्त फरक, आणि कापड उरलं तरी चालतं, कमी पडलं की पुन्हा तोच बॅचचा जाच.

पुढे क्लायंटसाठी वेगळा दुवा करणार होतो, खरेदी दर लपवून. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय. मार्का हाताने लिहिला जाणार, घाईत, गुंडाळीच्या वाकड्या पाठीवर. १ चा ७ होणार, दोन आकडे उलटे पडणार, आणि चुकीचा मार्का नेमका दुसऱ्या एखाद्या खऱ्या साईटचा निघाला तर पुन्हा होटगी रोडचा खोका जुळे सोलापुरात. म्हणजे शेवटी तपासणीचा एक आकडा हवाच, बाकीच्या आकड्यांवरून काढलेला, चूक पकडणारा. कार्ड नंबरांना असते ती लून नावाची पद्धत सोपी आहे, पण शेजारचे ० आणि ९ उलटे झाले तर तिला कळत नाही. आधारचा बारावा आकडा वेरहॉफ नावाच्या दुसऱ्या पद्धतीने काढलेला असतो, तो एक आकडा चुकला तरी पकडतो आणि शेजारचे कुठलेही दोन उलटले तरी पकडतो. तीन छोटी कोष्टकं, पायथनच्या वीसेक ओळी. क्लायंटचा दुवा थांबेल, आधी हे.

जुन्या मार्क्यांचं काय करायचं ते ठरत नाहीये. वाटेत असलेल्या ऑर्डरींच्या नगांवर तपासणीचा आकडा नाही. चार आकडी म्हणजे जुना, पाच आकडी म्हणजे नवा, असं लांबीवरून ओळखावं म्हणतोय. यात कुठे पाय अडकेल असं कुणाला दिसत असेल तर रविवारच्या आत सांगा, सोमवारी हैदराबादची दिव्यांची ऑर्डर जायची आहे.