शाखा कुठंय या बँकेची?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर मेसेज आला, खात्यातून ५९० रुपये वजा. मी काही घेतलं नव्हतं, कुणाला पाठवले नव्हते. स्टेटमेंट उघडलं तेव्हा कळलं, पाचशे दंडाचे आणि नव्वद त्यावरच्या १८ टक्के जीएसटीचे. किमान शिल्लक ठेवली नाही म्हणून.

हे माझं पगाराचं खातं. हिंजवडीतल्या कंपनीत नऊ वर्षं काढली, पण गेल्या ऑगस्टमध्ये आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी नोकरी सोडून कोथरूडला तिच्याकडे राहायला आले. पगार थांबला की तीन महिन्यांनी ही बँक पगाराचं खातं साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिल्लकीची अट चिकटते. माझ्या खात्याला सरासरी २५ हजारांची. माझी सरासरी भरली १५ हजारांच्या आसपास.

रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०१५ पासून असा आहे की शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, ती भरून काढायला निदान महिनाभर द्यायचा आणि मग जेवढी तूट त्या प्रमाणात दंड लावायचा. मी शाखेत जाऊन हेच विचारलं. त्यांनी कळवलं होतं. ऑफिसच्या ईमेलवर, जो नोकरी सुटली त्याच दिवशी बंद झाला. पीएफ, विमा, ग्रॅच्युइटी सगळं मी आठवणीने पाहिलं आणि बँकेतला ईमेल बदलायचा राहून गेला. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे आधी सांगते.

मग डिजिटल खातं बघायला लागले. झिरो बॅलन्स, घरबसल्या, पाच मिनिटांत, ७ टक्क्यांपर्यंत व्याज. चार अॅप्सच्या जाहिराती वाचल्यावर सगळ्या सारख्याच दिसायला लागल्या. म्हणून उलटं केलं. आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून सहा महिन्यांचं स्टेटमेंट छापून आणलं आणि लाल पेन घेऊन बसले, मी खात्याचं नेमकं करते काय हे मोजायला.

एटीएममधून पैसे काढले, महिन्याला सहा-सात वेळा. इतके होतील असं वाटलं नव्हतं. कारण आईकडे दिवसभर असणाऱ्या मावशी. त्यांचं खातं आहे, पण आठवड्याचे पैसे शनिवारी हातात पडलेले त्यांना बरे वाटतात आणि त्यांचं खरंच आहे, भिशी आणि दूध दोन्ही रोखीत चालतं. चेक वर्षाला चार, सोसायटीच्या मेंटेनन्सचे, कारण आमचे सेक्रेटरी काका चेकशिवाय काही घेत नाहीत. रोख भरणा सहा महिन्यांत एकदा. परदेशात कार्ड वापरणं शून्य, त्यामुळे परकीय चलनावरच्या साडेतीन टक्क्यांच्या ओळीकडे बघायची गरजच उरली नाही. बाकी सगळं यूपीआय आणि एनईएफटी. यूपीआयला माझ्याकडून काही कापलं जात नाही आणि बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही.

हा कागद शेजारी ठेवून एकेका बँकेचा चार्जेसचा तक्ता वाचला. तो अॅपवर मिळत नाही सहसा, बँकेच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरात असतो. ७ टक्के व्याजाचं रहस्य तिथे उलगडलं. पाच लाखांच्या वर जी शिल्लक असेल तेवढ्यावरच ७. लाखाच्या आत ३ टक्के. माझ्या १५ हजारांवर वर्षाला ४५० रुपये. समजा सगळ्यावर ७ टक्के मिळाले असते तरी १,०५०. सहाशे रुपयांचा फरक, म्हणजे जवळपास एका दंडाएवढा. व्याजावरून खातं निवडायचं कारण माझ्यापुरतं संपलं.

एटीएमची ओळ मात्र महत्त्वाची होती. आपल्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मेट्रो शहरात तीन, इतरत्र पाच. आणि या हिशोबात पुणे मेट्रो नाही! मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद एवढीच सहा शहरं. आमच्या कोथरूडच्या वनाझ स्टेशनपासून मेट्रो रेल्वे धावते म्हणून मी तीनच धरून चालले होते. मोफत मर्यादेपुढे मे २०२५ पासून एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत घेता येतात, जीएसटी धरून २७ रुपये १४ पैसे. आणखी एक गोष्ट स्टेटमेंट बघताना लक्षात आली. दुसऱ्या बँकेच्या मशीनवर मी आधी शिल्लक बघायची आणि मग पैसे काढायची. मोफत पाचांमध्ये ते दोन व्यवहार धरले जातात. शिल्लक अॅपवर बघितली असती तर एक वाचला असता.

कार्डाचंही असंच. 'मोफत डेबिट कार्ड' म्हणजे अॅपमध्ये दिसणारं व्हर्च्युअल कार्ड. हातात धरायचं प्लास्टिकचं हवं तर वर्षाला २९९ आणि जीएसटी, म्हणजे ३५२ रुपये ८२ पैसे. काही मशीनवर यूपीआयचा क्यूआर स्कॅन करून कार्डाशिवाय पैसे निघतात. मी तीन एटीएमवर करून पाहिलं, एकावरच तो पर्याय दिसला. शनिवारी संध्याकाळी मावशी दारात चपला घालून उभ्या असताना मला तीन मशीन फिरायची नाहीत. कार्ड घेतलं.

एक रस्ता जुन्याच बँकेत होता, मूलभूत बचत खात्याचा. ते प्रत्येक बँकेला द्यावंच लागतं, किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड मोफत. पण पैसे काढणं महिन्याला चार वेळा मोफत, त्यापुढे बँकेच्या मर्जीवर. माझे सहा-सात. ज्यांचं चारात भागतं त्यांनी तो आधी विचारात घ्यावा, शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

आईला मी हे सगळं वाचून दाखवत होते. ती वॉकर धरून खिडकीपाशी बसलेली. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "अगं, पण शाखा कुठंय या बँकेची?"

तिचा प्रश्न म्हातारपणाचा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. या शहराने रुपी ही सहकारी बँक बुडताना पाहिली आहे. २०१३ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. तेव्हा ठेवीदारांच्या मदतीला आला तो ठेव विमा, जो फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका माणसामागे पाच लाखांपर्यंत आहे. पण तो विमा बँकेतल्या ठेवीला असतो, अॅपला नसतो. माझ्या चारांपैकी दोन अॅप्स बँकाच नव्हत्या. भारतात केवळ अॅपवर चालणाऱ्या बँकेला रिझर्व्ह बँक वेगळा परवाना देत नाही, त्यामुळे अशा अॅपमागे कुठली तरी परवानाधारक बँक असावीच लागते. ती कुठली हे आयएफएससी कोड सांगतो. अकरा अक्षरं, पहिली चार बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. मी आईला कोड वाचून दाखवला. शाखा निघाली मुंबईत.

"आणि अॅप बंद पडलं तर?" तिचा दुसरा प्रश्न. त्याला मी वाद घातला नाही. तिचं महाबँकेतलं खातं आमच्या दोघींच्या नावावर आहे, दोघींपैकी कुणीही सही करू शकतं. व्हिडिओवरून उघडलेलं हे खातं एकटीच्याच नावाने मिळत होतं. तेव्हा ठरलं, औषधपाण्याची आणि अडीनडीची रक्कम महाबँकेत, नव्या खात्यात फक्त महिन्याचा खर्च. शेवटी मी अॅपवालं नाही, तर एका बँकेचं स्वतःचंच डिजिटल खातं निवडलं, कारण तिची एक शाखा कर्वे रोडवर आहे.

पाच मिनिटांत खातं उघडतं हे खरं. आधारचा ओटीपी टाकला, खाते क्रमांक आला. पण ते अर्धंच खातं असतं. नुसत्या ओटीपीवरच्या खात्यात एका वेळी एक लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही, आर्थिक वर्षात दोन लाखांच्या वर जमा होत नाही, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केलं नाही तर पुढे चालत नाही. माझी अडीच लाखांची एफडी मार्चमध्ये सुटणार होती. तशीच वळवली असती तर अडकली असती. म्हणून व्हिडिओ केवायसी, ज्याला २०२० च्या जानेवारीत परवानगी मिळाली.

पहिल्या कॉलला लोकेशन लागेना. माणूस भारतात आहे हे त्यांना नोंदवावं लागतं. मी गॅलरीत गेले, तर उन्हात पॅन कार्ड चकाकायला लागलं. "मॅडम, थोडं तिरकं धरा. अजून थोडं." ते जमलं आणि मग कॉलवरचा बँकेचा माणूस म्हणाला, नाव जुळत नाही. पॅनवर मधे बाबांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे तीन शब्दांचं नाव, त्यामुळे हा घोळ घरोघरी असणार. तेव्हा आधारवरचं नाव बदलायचं ठरवलं. पोस्टातल्या आधार केंद्रावर ७५ रुपये भरले. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे तिथे कळलं, म्हणून स्क्रीनवरचं स्पेलिंग मी मोठ्याने वाचूनच पुढे जाऊ दिलं.

बारा दिवसांनी दुसरा कॉल. या वेळी भाषा मराठी निवडली, सकाळी दहाला, सावलीत बसून. जन्मतारीख, आईचं नाव, खातं कशासाठी हवं आहे असे प्रश्न, कोऱ्या कागदावर सही, आणि सात मिनिटांत काम झालं. चेकबुक वेगळं मागवावं लागलं. वर्षाला एक मोफत, दहा पानांचं. मला चार पुरतात.

जुनं खातं मी लगेच बंद केलं नाही. आईच्या मेडिक्लेमचा हप्ता तिथून आपोआप जायचा. तो नव्या खात्यावर वळवला, एक हप्ता नीट गेलेला पाहिला, एफडीचे पैसे आले, आणि मग उरलेले चेक आणि कार्ड घेऊन शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीने कार्ड माझ्यासमोर कापलं आणि खातं बंद केल्याची पोच दिली. ती मी फाइलला लावली आहे.

कर्वे रोडच्या शाखेतही जाऊन आले. रोख भरता येते, बाकी सगळं अॅपवरून, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आईची एक निळी डायरी आहे. बाबा गेल्यापासून घरातलं प्रत्येक खातं ती त्यात लिहिते, बँक, क्रमांक, शाखा, नॉमिनी. परवा तिने नवी ओळ घातली. नॉमिनीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. शाखेच्या रकान्यापाशी थांबली, मग कोडप्रमाणे 'मुंबई' लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, 'कर्वे रोडला पैसे भरता येतात, उमाने जाऊन पाहिलं आहे.'