आमची वाटचाल: गरम फरशी आणि घरातले डस्ट माइट

नाशिकमध्ये आमच्या व्यवसायाची सुरुवात गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवून देण्यापासून झाली. फरशीखालून ऊब देण्याच्या कामाकडे आम्हाला ग्राहकांनीच वळवले. निफाडकडचा पारा उतरू लागला की गंगापूर रोडवरच्या बंगल्यांतील संगमरवरावर सकाळी पाय ठेववत नाही, आणि घरात गुडघेदुखीने बेजार झालेले वडीलधारे असले की निदान त्यांच्या खोलीपुरती तरी सोय करून द्या, असा आग्रह होऊ लागला. वायरमन आणि प्लंबर आमच्याकडे होतेच. इन्सुलेशनचा थर देणे, त्यावर हीटिंग केबलची जाळी अंथरणे आणि टाइल बसण्यापूर्वी प्रत्येक केबलचा रोध मोजून लिहून ठेवणे हे त्यांनी चिकाटीने शिकून घेतले.

मुलांना दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास असलेले पालक येऊ लागले, तेव्हा मात्र आम्हाला वेगळा अभ्यास करावा लागला. एका पुरवठादाराच्या पत्रकात 'गरम फरशीने डस्ट माइटचा नायनाट' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. ते वाक्य आमच्या माहितीपत्रकात घ्यायचे नाही, असे आम्ही ठरवले. डस्ट माइट म्हणजे घरातल्या धुळीत वाढणारे, दमा आणि शिंकांचा त्रास वाढवणारे सूक्ष्म जीव. ते मारण्यासाठी चादरी आणि अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात, तर वावरण्याच्या जागेत फरशीचा पृष्ठभाग 29 अंशांपेक्षा अधिक तापू नये, अशी युरोपीय मानकाची मर्यादा आहे. एवढ्या उबेने एकही डस्ट माइट मरत नाही.

खरा परिणाम होतो तो ओलाव्यावर. जेमतेम पाव मिलिमीटरचा हा आठ पायांचा जीव आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कणांवर जगतो, पण पाणी पीत नाही. पुढच्या पायांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींमधून तो हवेतील बाष्प शोषून घेतो. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढे बाष्प धरू शकते त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे ते प्रमाण, दीर्घकाळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली, तर त्याचे शरीर सुकत जाते. बंद खोलीत 20 अंशांना 70 टक्के आर्द्रता असेल आणि फरशीलगतचा हवेचा थर 27 अंशांपर्यंत तापला, तर बाष्प तेवढेच राहूनही त्या थरातील आर्द्रता सुमारे 46 टक्क्यांवर येते. गार फरशीवर अंथरलेल्या गालिच्याच्या बुडाशी जी सर्द हवा कोंडून राहते, ती अशा वेळी राहत नाही. मात्र दिवसातले काही तास जरी दमट हवा मिळाली तरी हे जीव तग धरतात, म्हणून पहाटे तासभर फरशी तापवून बंद करण्याचा या कामी उपयोग नाही. थर्मोस्टॅट कमी तापमानावर ठेवून ऊब सलग द्यावी लागते.

नाशिकपुरती अडचण अशी की डस्ट माइटची खरी चंगळ पावसाळ्यात असते, आणि फरशी तापवण्याची गरज मार्गशीर्ष-पौषात. श्रावणात खोलीचे तापमान 25 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असली, तर फरशी 29 अंशांपर्यंत नेऊनही तिच्यालगतची आर्द्रता 67 टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे त्यांना पुरेशीच. दहा बाय दहाच्या खोलीला साधारण एक किलोवॅटची केबल लागते. एवढी वीज त्या दिवसांत खर्च करण्यापेक्षा हवेतील बाष्प काढून घेणारा डीह्युमिडिफायर लावावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो, मग त्यात आमची ऑर्डर गेली तरी चालेल.

शिवाय या जीवांचे मुख्य घर गादी आणि उशी हे आहे. आपल्याकडे अनेक घरांत जमिनीवर गादी घालून झोपतात, परंतु चालू केबलवर जाड गादी पसरली की उष्णता खाली कोंडते आणि केबल बिघडण्याचा धोका असतो. अशा घरात आम्ही झोपण्याची जागा आधी आखून घेतो आणि तेवढा भाग केबलविना सोडतो. गाद्या ऑक्टोबरच्या कडक उन्हात गच्चीवर चांगल्या तापवाव्यात, हा आजीबाईंचा रिवाज या बाबतीत आमच्या केबलपेक्षा अधिक कामाचा आहे. जीव मेले तरी त्यांच्या विष्ठेतील प्रथिने धुळीत टिकून राहतात आणि त्रास त्यांचाच होतो, त्यामुळे धुणे आणि व्हॅक्यूम करणे चुकत नाही.

आता दम्याच्या रुग्णासाठी विचारणा आली, की कोटेशन देण्यापूर्वी आमचा माणूस त्या घरात आर्द्रतामापक ठेवून येतो, एक गादीखाली आणि एक सतरंजीखाली, आणि आकडे पाहूनच पुढचे बोलणे होते. काही घरांना आम्ही फक्त खिडकीची गळती आणि भिंतीची ओल दुरुस्त करायला सांगून परत आलो आहोत.