काका, ही ३६८ पदकं ऑलिम्पिकच्या तक्त्यातली नाहीत

२०१९ सालची स्पेशल ऑलिम्पिक्सची जागतिक स्पर्धा संपली त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांची पोस्ट आली. "अबू धाबीत भारताला ३६८ पदकं! रिओत फक्त दोन मिळाली होती. शिका जरा यांच्याकडून!" खाली तिरंग्यांची रांग. मी इथे अबू धाबीतच राहते आणि स्पर्धेत स्वयंसेवक होते, म्हणून अर्ध्या नातेवाइकांनी अभिनंदन मलाच केलं, जणू त्यातली चार-दोन मीच आणली.

आकडा खरा आहे. ८५ सुवर्ण, १५४ रौप्य, १२९ कांस्य. पण तो २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या शेजारी ठेवला की सगळं बिघडतं. या स्पर्धेतली जी गोष्ट मला सगळ्यात भावली, ती त्या तुलनेत दिसतच नाही.

आधी एक गोंधळ निस्तरते. स्पेशल ऑलिम्पिक्स म्हणजे पॅरालिम्पिक नव्हे. आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं ते पॅरालिम्पिक. तिथे प्रामुख्याने शारीरिक आणि दृष्टीचं अपंगत्व असलेले खेळाडू असतात आणि निवड होते ती सर्वोत्तमांची. स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी आहे. युनिस केनेडी श्रायव्हर या बाईंनी आधी स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवलं, आणि १९६८ साली शिकागोत पहिली स्पर्धा झाली. २०१९ साली १४ ते २१ मार्चला ती अबू धाबीत भरली. स्पेशल ऑलिम्पिक्सची जागतिक स्पर्धा मध्यपूर्वेत येण्याची ही पहिलीच वेळ. १९० हून जास्त देश, सुमारे ७,५०० खेळाडू, २४ खेळ. आठ वर्षांपुढे कुणालाही भाग घेता येतो, वरची वयोमर्यादा नाही. तरी मला भेटलेली बहुतेक मुलं सोळा ते पंचवीसच्या आतबाहेरची होती.

आता मुद्द्याचं. इथे शंभर मीटर धावण्याचं एकच सुवर्णपदक नसतं. आधी चाचणी फेऱ्या होतात. त्यातल्या वेळा पाहून आधी मुलगे-मुली, मग वयोगट आणि मग कुवत असे गट पाडतात. एका गटात कमीत कमी तीन, जास्तीत जास्त आठ जण. प्रत्येक गटाची अंतिम फेरी वेगळी आणि पदकंही वेगळी. कुस्तीत ५७ किलोच्या पैलवानाला ९७ किलोच्या समोर उभं करत नाहीत, तसंच. म्हणून एकाच शर्यतीत पंधरा सुवर्णपदकं निघू शकतात, आणि ३६८ हा आकडा देशाची ताकद मोजत नाही. आपलं पथकही मोठं होतं, हेही आहेच.

भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे सगळ्यांनाच बक्षीस. मग जिंकण्यात काय राहिलं?"

एका सुट्टीच्या दिवशी याच स्पर्धेतल्या पोहण्याच्या शर्यती बघायला दुबईच्या हमदान क्रीडा संकुलात गेले होते. प्रवेश फुकट. पन्नास मीटरच्या एका शर्यतीत आठही जणी जवळजवळ एकाच रेषेत. पहिली आणि पाचवी यांच्यात हाताभराचं अंतर नसेल. बक्षिसाच्या वेळी आठहीजणींना मंचावर बोलावतात. पहिल्या तिघींना पदकं, चौथीपासून आठवीपर्यंत रिबीन. पाचवी आलेली मुलगी रिबीन घ्यायला तयारच होईना. तोंड वळवून उभी राहिली, डोळ्यांत पाणी. तिची प्रशिक्षक खालून हातवारे करतेय, ही ढिम्म. हरलो हे तिला चांगलं कळलं होतं, आणि ते कळलं कारण शर्यत खरोखर अटीतटीची झाली होती. फार पुढच्या मुलींबरोबर पोहली असती तर ती आठवी आली असती आणि कुणाला, कदाचित तिलाही, त्याचं काही वाटलं नसतं.

यात चलाखीला जागा आहे, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. चाचणीत मुद्दाम हळू पळायचं, सोप्या गटात शिरायचं आणि अंतिम फेरी मारायची. त्यावर नियम आहे. चाचणीपेक्षा अंतिम फेरीतली कामगिरी ठरलेल्या मर्यादेपलीकडे, साधारण १५ टक्क्यांहून जास्त, सुधारली तर खेळाडू बाद. चाचणीच्या वेळी मूल बिथरलं होतं, नीट पळलं नाही, असं वाटलं तर प्रशिक्षकाने ते आधीच लेखी कळवायचं. कागदावर नियम चोख आहे. पण आयुष्यातली सगळ्यात चांगली धाव धावून आलेल्या मुलाला "तू बाद" हे कुणी आणि कसं समजवायचं? मला तरी हा नियम अजून पचलेला नाही, आणि त्याऐवजी काय करावं तेही सुचत नाही.

माझं काम ॲडनेक या अबू धाबीतल्या भल्यामोठ्या प्रदर्शन केंद्रात होतं. बरेच इनडोअर खेळ तिथेच होते. पाणी वाटणं, रस्ता दाखवणं, हरवलेलं पथक शोधून देणं. सुमारे वीस हजार स्वयंसेवकांत माझ्यासारख्यांचा भरणा जास्त. वर्तमानपत्रांत फारसा न आलेला आणखी एक भाग म्हणजे खेळाडूंची मोफत आरोग्य तपासणी. डोळे, कान, दात, पावलं. दुखतंय काय आणि दिसत नाही काय, हे यांतल्या अनेकांना सांगता येत नाही; घरच्यांना वाटतं तो स्वभावच आहे. चुकीच्या मापाचे बूट घालून वर्षानुवर्षं पळणारी मुलं अशा तपासणीत सापडतात. कुणाला आयुष्यातला पहिला चष्मा तिथेच मिळतो. मला विचाराल तर पदकांपेक्षा हे मोजा.

पुण्याच्या एका मैत्रिणीचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे. ग्रुपवरची बातमी तिच्यापर्यंत पोहोचली आणि तिने विचारलं, "तिथे जायला किती वेगवान असावं लागतं?" खरं सांगते, तोवर मलाही माहीत नव्हतं. चौकशी केली. खालच्या पातळीवरच्या स्पर्धेत आपल्या गटात पहिलं यावं लागतं, मग तो गट सर्वांत वेगवान असो की सर्वांत सावकाश. आणि असे पहिले आलेले जागांपेक्षा जास्त झाले, तर चिठ्ठ्या टाकतात! सगळ्यात वेगवान मुलाचीच निवड होते असं नाही. खेळाडूकडून शुल्क घेत नाहीत. आपल्याकडे हे काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था बघते, आणि सुरुवात बहुधा मुलाच्या विशेष शाळेतूनच होते.

हे सगळं तिला लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं, "ते चिठ्ठीचं नंतर बघू गं. याला पाण्यात उतरवायला तयार होईल असा कोच आधी मिळू दे. दोन ठिकाणी नाही म्हणालेत." कोथरूड-कर्वेनगर भागात असं कुणी शिकवत असेल तर मला जरूर कळवा, मी तिच्यापर्यंत पोहोचवते.