श्रीरामपूर, पण नगरचं नव्हे

दार्जिलिंगचे चार दिवस धुक्यात गेले. कांचनगंगा दिसली नाही, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. परतीच्या विमानाआधी कोलकात्यात एक अख्खा दिवस हाताशी होता आणि माझा बेत पक्का होता: गरियाहाटला साड्या, मग संदेश ही मिठाई. आदल्या रात्री नवऱ्याने जाहीर केलं, "उद्या श्रीरामपूर." सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, बंगालातून एकदम नगरला कशाला?"

नवरा दोन वर्षांपासून मोडी शिकतोय. रविवारी क्लास, एरवी जेवणाच्या टेबलावर कुणाच्या तरी पणजोबांचे जमाखर्च पसरलेले. ताट ठेवायचं तर आधी कागद उचलायचे आणि त्यावरून बोलणीही खायची. त्याला विल्यम केरीचं गाव बघायचं होतं. या इंग्रज मिशनऱ्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी अक्षरांत.

हावड्याहून लोकलने अर्धा-पाऊण तास. मी लेडीज डब्यात चढले, तो पुढच्या. मुंबईकराने गर्दीची तक्रार करू नये, पण आमच्याकडे निदान दारातून आत सरकायला जागा देतात.

स्टेशनाबाहेर टोटो, म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, केली. गाव एके काळी डॅनिश लोकांचं, १८४५ पर्यंत. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून केरी १८०० च्या जानेवारीत इथे आला. पुढे मार्शमन आणि वॉर्ड या सोबतच्या मिशनऱ्यांबरोबर त्याने १८१८ मध्ये कॉलेज काढलं. इमारत हुगळीच्या काठावर, समोर भले मोठे खांब, आत लोखंडी जिने. नवरा जिन्यापाशी उभं राहून भाषण द्यायला लागला. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर यांनी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, कसे पाडले. मोडी ही धावती लिपी, आधी आडवी रेघ ओढून मग तिला अक्षरं लटकवायची, तिचे सुटे खिळे पाडणं किती कठीण. वैजनाथ पंडितांनी केरीला मराठीत कशी मदत केली. शिवाय हा माणूस मूळचा चांभार. इंग्लंडमधल्या खेड्यात जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकलेला.

"आणि बायको?" मी विचारलं.

"कुणाची?"

मी घाटावर जाऊन बसले. बायकोबद्दल मी त्या वेळी फोनवर वाचलं आणि हॉटेलवर परतल्यावर आणखी. डोरोथी. लग्न १७८१ साली. नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली होती, तिला लिहिता येत नव्हतं. दोन मुली लहानपणीच गेल्या. नवऱ्याला देवाने हिंदुस्थानात बोलावलं, तिला बोलावलं नव्हतं. ती यायला तयारच नव्हती. शेवटी धाकटी बहीण सोबत येत असेल तर येते म्हणाली आणि काही आठवड्यांचं बाळ घेऊन १७९३ च्या जूनमध्ये जहाजात बसली. पुढल्याच वर्षी बंगालातल्या मुदनाबाटीला, केरी नोकरीला होता त्या निळीच्या कारखान्यावर, पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जातीच्या भीतीने प्रेत उचलायला आणि खड्डा खणायला माणसं मिळेनात.

त्यानंतर ती सावरलीच नाही. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत असा तिचा पक्का समज झाला. रस्त्यात त्याच्या मागे जाऊन ओरडायची. तिला खोलीत कोंडून ठेवावं लागे. भिंतीपलीकडे हा भाषांतर करत बसलेला. आमचा नवरा याला चिकाटी म्हणतो.

२८ डिसेंबर १८०० चा प्रसंग तर डोक्यातून जात नाही. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा होता. सात वर्षं घासल्यावर बंगालातला हा पहिला माणूस मिळालेला. याच सुताराचा निखळलेला खांदा मिशनच्या डॉक्टर थॉमसने बसवला होता. केरी एका बाजूला आपला मुलगा फेलिक्स आणि दुसऱ्या बाजूला कृष्ण पाल असे दोघांना घेऊन नदीकडे गेला. डॅनिश गव्हर्नर हजर होता, त्याचे डोळे भरून आले म्हणतात. त्याच वेळी डॉक्टर थॉमस आनंदाच्या भरात भ्रमिष्ट होऊन एका खोलीत कोंडलेला आणि डोरोथी दुसऱ्या. घाटावर स्तोत्रं चालली होती. फेलिक्स तिचा थोरला मुलगा. त्याचा बाप्तिस्मा तिला दिसला नाही.

मला केरीचा राग आला हे कबूल करते, पण तो टिकला नाही. लोकांनी सुचवूनही त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं नाही. ती १८०७ च्या डिसेंबरात गेली तोवर ती घरातच होती. मग मात्र पाच-सहा महिन्यांत स्वारी पुन्हा बोहल्यावर, एका शिकलेल्या डॅनिश बाईबरोबर. हा संसार म्हणे सुखाचा झाला. मराठी कोश याच काळातला. आता त्या कोशाकडे नवऱ्यासारखं नुसतं कौतुकाने बघणं मला काही जमत नाही.

केरीच्या थडग्यापाशी गेलो. जन्म १७६१, मृत्यू ९ जून १८३४. खाली त्याने स्वतः निवडलेली, स्तोत्रातली ओळ, स्वतःला दीन असहाय किडा म्हणवणारी. इतकी कामं करून नावापुढे एक पदवी नाही. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्याला आग लागून बहुभाषी कोशाचं हस्तलिखित जळालं, तरी गडी पुन्हा कामाला बसला. असला माणूस आपल्या धर्माचा असो की नसो, समोर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. माझाही आला. नवरा तर दहा मिनिटं चक्क गप्प होता.

नंतर तो परत कॉलेजच्या फाटकाकडे गेला. मी भूक लागल्याची तीनदा आठवण करून दिली. शेवटी लुची आणि आलूर दम एकटीनेच खाल्लं, आणि त्याच्या वाटणीच्या दोन लुच्याही.

गरियाहाटला पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ. दुकानदार घड्या घालायला लागला होता. तांताच्या दोन साड्या बाजूला काढल्या, एक मोरपंखी, एक गेरूच्या रंगाची. नवरा गादीच्या टोकाला बसून कुठल्याशा पावतीच्या मागे आडवी रेघ ओढत होता.

"यातली कुठली?" मी विचारलं.

"छान आहे," तो म्हणाला, आणि रेघेला अक्षरं लटकवायला लागला.