हॅरी पॅच: मनाविरुद्ध झालेला सैनिक

हॅरी पॅच यांना १११ वर्षांचे आयुष्य लाभले, त्यातले जेमतेम चार महिने ते पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होते, आणि जगाने त्यांना ओळखले ते नेमके त्या चार महिन्यांसाठी. त्यांच्याविषयी वाचताना मला सारखे वाटत राहते की, हे त्यांना मुळीच रुचले नसावे.

इंग्लंडमधील बाथ शहराजवळच्या कूम डाउन गावी १७ जून १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. शाळा सुटल्यावर ते प्लंबरच्या हाताखाली काम शिकू लागले. थोरला भाऊ बेल्जियममधील मॉन्सच्या लढाईत जखमी होऊन परतला होता. त्याच्या तोंडून खंदकांची हकीकत ऐकल्यामुळे यांना फौजेची हौस उरली नव्हती. परंतु १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आला आणि अठरा वर्षे पूर्ण होताच त्यांनाही बोलावणे आले.

१९१७ च्या उन्हाळ्यात ड्यूक ऑफ कॉर्नवॉल्स लाइट इन्फंट्री या ब्रिटिश पायदळ रेजिमेंटच्या सातव्या बटालियनमधून ते बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीवर पोहोचले. तेथे ते लुईस मशीनगनच्या पाच जणांच्या तुकडीत होते. शक्य तोवर कोणाला ठार मारायचे नाही, गोळी पायांवर झाडायची, असे या पाच जणांनी आपापसांत ठरवले होते. ही नुसती बोलण्यातली गोष्ट नव्हती. एक जर्मन सैनिक संगीन रोखून धावून आला, तेव्हा पॅच यांनी रिव्हॉल्व्हरची पहिली गोळी त्याच्या खांद्यात मारली. बंदूक गळून पडली तरी तो थांबेना, तेव्हा पुढच्या गोळ्या त्यांनी छातीऐवजी पायात घातल्या. मरणाच्या दारात इतका विचार करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला मी तरी भित्रा म्हणणार नाही.

२२ सप्टेंबरच्या रात्री आघाडीवरून मागे येताना तोफगोळा फुटला. पाचांपैकी तिघे जागीच गेले आणि पॅच यांच्या पोटात लोखंडाचा तुकडा घुसला. भूल देण्याचे औषध शिल्लक नव्हते. चौघांनी त्यांना दाबून धरले आणि डॉक्टरांनी तसाच चिरा देऊन तो तुकडा काढला. त्यांची लढाई तेथेच संपली.

पुढे ते पुन्हा प्लंबर झाले. दुसऱ्या महायुद्धात बाथवर बॉम्ब पडले, तेव्हा ते अग्निशमन दलात होते. पहिल्या युद्धाविषयी मात्र वयाची शंभरी गाठेपर्यंत ते घरातही बोलले नाहीत. ११ नोव्हेंबरच्या, म्हणजे युद्धसमाप्तीच्या दिवसाच्या, सरकारी सोहळ्यांना ते दिखाऊपणा समजत. त्यांचा स्मरणदिन २२ सप्टेंबर हाच होता.

२५ जुलै २००९ रोजी ते वारले. इंग्लंडमधील वेल्स शहराच्या कॅथीड्रलमधील अंत्यविधीत, त्यांच्याच इच्छेनुसार, शोभेपुरतेसुद्धा शस्त्र आणू दिले गेले नाही, आणि शवपेटीसोबत बेल्जियन व फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीने जर्मन सैनिकही चालले.