करंट बंद केला तरी मीटर 2 अँपिअर दाखवतोय

बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिक रिक्षाच्या कंट्रोलरसाठी करंट सेन्सर करायचा होता, कंट्रोलर मोटारीला लागूनच बसतो त्यामुळं 125 डिग्रीलापण रीडिंग बरोबर आलं पाहिजे अशी अट. हॉल सेन्सर, म्हणजे करंटच्या चुंबकीय क्षेत्रावरून करंट मोजणारा, त्याचा झिरो गरम झाल्यावर सरकतो म्हणून शंटवर गेलो, म्हणजे 100 मायक्रोओहमची पट्टी, 100 अँपिअर गेले की 10 मिलिव्होल्ट, तेवढेच मोजायचे.

पहिला बोर्ड साध्या तांब्याच्या पट्टीवर केला. टेबलवर एकदम करेक्ट. मग शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्या काकांचा छोटा ओव्हन संध्याकाळी रिकामा असतो तो मागितला, तुलनेसाठी रेफरन्स शंट त्याच लाइनीत पण ओव्हनच्या बाहेर थंड जागी ठेवला, आणि 125 ला आमचा सेन्सर 100 चे 139 दाखवायला लागला. तांब्याचा रेझिस्टन्स डिग्रीमागं 0.39 टक्के वाढतो, 100 डिग्रीला 39 टक्के, हिशोब सरळ हाय की.

मग कॉन्स्टंटनची, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूची पट्टी लावली, तिचा रेझिस्टन्स तापून फारसा बदलत नाही. गरम असतानाचं रीडिंग बरंच सुधारलं पण एक विचित्र प्रकार चालू झाला, ओव्हनमधून काढून करंट बंद केला तरी 2 अँपिअर दिसायचे, मग हळूहळू 1.5, 1, असं करत दहा मिनिटांनी शून्य. मी अँप्लिफायर बदलला, ग्राउंड बदलला, तीन दिवस गेले. ओव्हनवाले काका आपले दर वेळी "स्वल्प तडीरी (कन्नडमध्ये जरा थांबा), थंड होऊ दे" म्हणायचे, आणि त्यातच उत्तर होतं. पट्टीचं एक टोक जाड बसबारला बोल्ट केलेलं, ते लवकर थंड व्हायचं, दुसरं गरमच राहायचं. तांबं आणि कॉन्स्टंटन म्हणजे थर्मोकपलच की, दोन वेगळे धातू जोडले आणि टोकांच्या तापमानात फरक पडला की आपोआप व्होल्टेज तयार होतं, डिग्रीमागं 40 मायक्रोव्होल्ट, टोकांत 5 डिग्रीचा फरक पडला तर 200 मायक्रोव्होल्ट, म्हणजे बरोबर 2 अँपिअर! चिमटीनं दोन्ही टोकांना बारीक थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारे सेन्सर, लावून बघितलं, फरक जसा कमी होत गेला तसा आकडा उतरत गेला. लई बरं वाटलं त्या दिवशी.

शेवटी मँगनिन, म्हणजे तांबं-मँगनीज-निकेलचा मिश्रधातू वापरला, तांब्यासोबत त्याचा हा त्रास फार कमी. सेन्सची, म्हणजे व्होल्टेज मोजायची वायर आधी तांब्याच्या टोकावर होती, तेवढा तांब्याचा तुकडापण मोजला जायचा, म्हणून ती वेल्डच्या आत, थेट मँगनिनवर घेतली. मँगनिनचा ग्राफपण सरळ नसतो, जास्त तापल्यावर रेझिस्टन्स थोडा उतरतो, आमचं रीडिंग 125 ला 99.6 यायचं. पट्टीशेजारी थर्मिस्टर चिकटवून कंट्रोलरमध्ये 25, 85 आणि 125 डिग्रीची करेक्शन घातली.

आता ओव्हनमधून काढून करंट बंद केला की आकडा लगेच शून्यावर येतो. अजून प्रत्येक पीसला मी हेच पहिलं बघतो, बाकी टेस्ट नंतर.